उन्हाची बेगमी

भीमाबाई लग्न होऊन त्या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच पहाटे सासूने तिला न्हाणीजवळची चूल दाखवली आणि हातात फुंकणी दिली. तेव्हापासून एकोणीस वर्षं घरात सगळ्यांच्या आधी उठणारं माणूस तीच. राख बाजूला करायची, गोवरीचा तुकडा पेटवायचा, तांब्याचा हंडा चढवायचा. आधी नवरा चांगो, त्याला ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याला पोचायचं असे. मग धाकटा दीर अंकुश, त्याची तळोज्याच्या कारखान्यात पहिली पाळी. मग सासू गंगाबाई, तिचे गुडघे थंडीत आखडायचे आणि कढत पाणी पडल्याशिवाय वाकायचे नाहीत. लेक दिपा मोठी झाली तशी तीही रांगेत आली. भीमाबाई शेवटी आंघोळ करायची, तोवर हंड्यात कोमटच उरलेलं असे. त्याचं तिला काही वाटत नसे. आपण उठलो नाही तर हे घर उठणार नाही, एवढं तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर ती खूश होती.

घर करंजाड्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. आठ घरांचा पाडा, मधोमध गोड्या पाण्याची एक विहीर आणि मागे मिठागरं. म्हणजे एके काळची मिठागरं. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, उरलेल्यांत मीठ पिकवायला माणूस मिळेना, चांगोसारखे आगरी गडी ट्रेलरवर चढले. घरामागचा एक वाफा आणि त्याचा बांध तेवढा त्यांच्याकडे राहिला होता. पावसाळ्यात तिथे बेडूक ओरडत, उन्हाळ्यात पोरं क्रिकेट खेळत.

भीमाबाईचा बाप काशिराम उरणकडच्या मिठागराचा मुकादम होता. त्याला मुलगा नव्हता, म्हणून तो मुलीलाच बरोबर न्यायचा. पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून मीठ आज बसेल की परवा, हे सांगायला त्याने तिला शिकवलं होतं. कोणत्या बांधात कुठली माती घालायची, खेकडा कुठून पोखरतो, सगळं तिला येत होतं. सासरी आल्यावर पहिली काही वर्षं ती वाफ्यात राबली, तेव्हा बाया पाणी चाखायला तिलाच बोलवायच्या. मीठ गेलं आणि तिची जीभ वरणात मीठ किती पडलंय ते बघण्यापुरती उरली.

अंकुशचं लग्न झालं आणि सुनिता घरात आली. पनवेल शहरातली मुलगी, बी.एस्सी. झालेली, तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवणारी. स्वभावाने वाईट नव्हती, आणि भीमाबाईचं हेच तर दुखणं होतं. वाईट असती तर चार शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. सुनिता सकाळी भाकऱ्या थापू लागायची, शाळेतून आली की दिपाचा अभ्यास घ्यायची, सासूच्या पायाला तेल लावायची. दिपा आता उठता-बसता "काकी म्हणते" असं बोलू लागली होती. भीमाबाई म्हणाली की पाऊस येणार, तर दिपा विचारायची, "काकीला विचारू?" भीमाबाई हसण्यावारी न्यायची, पण ते दिवसभर आत कुठेतरी सलत राहायचं.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत एकदा सगळे जेवायला बसले होते. थंडी बरी पडली होती, लाकडं महाग झाली होती, खाडीतली तिवराची झाडं तोडायलाही बंदी आली होती. बोलता बोलता भीमाबाईने लहानपणची एक गोष्ट सांगितली. बापाच्या मिठागरात जड खाऱ्या पाण्याचा एक खोल खड्डा असायचा. एकदा भर वैशाखात वळीव पडून त्यावर गोडं पाणी साचलं. चार दिवसांनी ती खेळता खेळता त्यात उतरली, तर कमरेला गार पाणी आणि खाली पाय असे पोळले की किंचाळत बाहेर आली. बापाने तळव्यांना लोणी लावलं होतं. सगळे हसले. सुनिता मात्र हातातला घास तसाच धरून बघत राहिली. तिने दोन-तीनदा विचारलं: खड्डा किती खोल होता, वरचं पाणी खरंच गार होतं का, खालचं किती दिवस गरम राहिलं. भीमाबाईने सगळं सांगितलं. त्या दिवशी तिला बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात सुनिता शाळेच्या वाचनालयातून एक जुनं मासिक घेऊन आली. त्यात असल्याच तळ्यावर लेख होता, परदेशात कुठेतरी केलेल्या. तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. तळाला अगदी जड खारं पाणी भरायचं, वर जावं तसं कमी खारं, आणि सगळ्यांत वर गोडं. ऊन तळापर्यंत जातं, तळ तापतो. एरवी तापलेलं पाणी वर येऊन निवतं. पण हे मिठाने जड झालेलं, त्याला वर येताच येत नाही. ऊब खालीच कोंडून राहते, महिनोन् महिने. तळाशी नळी फिरवली आणि तिच्यातून विहिरीचं पाणी सोडलं की ते गरम होऊन न्हाणीत येणार. खारं पाणी खाऱ्याच्या जागी, गोडं गोड्याच्या.

"म्हणजे उन्हाळ्यातलं ऊन ठेवून द्यायचं आणि थंडीत काढायचं," ती म्हणाली.

गंगाबाईला ते चटकन समजलं. पावसाळ्याआधी घरोघर सुकी मासळी, डाळी, मिरच्या भरून ठेवतात, तशीच ही बेगमी. "मेली ही उन्हाची बेगमी करनार," असं ती पाड्यात सांगत सुटली. पाडा हसला. भीमाबाईही हसली. तिला वाटलं, पुस्तकातलं तळं पुस्तकात बरं.

पण माघात अंकुशने दोन कातकरी गडी लावून मागचा वाफा खोदून, बांध चढवून पुरुषभर खोल करून घेतला. तळाला प्लॅस्टिकचा काळा जाड कागद आला, काळी नळी आली. मिठाच्या गोणी आल्या. पाणी भरायच्या वेळी सुनिता काचेची एक नळी घेऊन बसली. ती पाण्यात तरंगवायची आणि वरचे आकडे वाचून वहीत लिहायची. भीमाबाई कडेला उभी राहून नुसती बघत होती. एकदा तिने बोट बुडवून जिभेला लावलं आणि पाणी अजून हलकं आहे हे तिला कळलं. ती परत कडेला जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने सुनिताने काचेची नळी बुडवली आणि म्हणाली, अजून दोन गोणी लागतील.

मे महिन्यात तळाचं पाणी अडुसष्ट डिग्री झालं. सुनिताने दोरीला बांधून थर्मामीटर सोडलं होतं आणि दिपा वर काढून आकडा ओरडत होती. पावसाळ्यात ऊब थोडी उतरली, ऑक्टोबरच्या उन्हात परत चढली. आणि दिवाळी आली.

नरक चतुर्दशीच्या पहाटे भीमाबाई नेहमीसारखी उठली, तर न्हाणीत दिवा होता आणि पाण्याचा आवाज येत होता. सुनिताने तोटी सोडली होती. बादली वाफाळत होती. ना धूर, ना फुंकर, ना डोळ्यांतून पाणी. सुनिताने आधी सासूला उटणं लावून आंघोळ घातली आणि गंगाबाई आतूनच मोठ्याने बोलली, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं: "जन्मात असं पानी अंगावर घेतलं नव्हतं गो. सुनिते, देव तुला भरपूर देवो."

मग शेजारच्या बाया बादल्या घेऊन आल्या. दयारामभाऊंची बायको आली, तिच्या सुना आल्या. हसणं, बोलणं, पोरांचे फटाके. भीमाबाई आपल्या चुलीपाशी उभी होती. हंडा तिने रात्रीच घासून ठेवला होता, सणाचा म्हणून चिंच लावून. कुणीतरी म्हणालं, "भीमे, तुझी आता सुटका झाली." ती "हां" म्हणाली. सुनिताने तिलाही पहिल्यांदाच भरपूर कढत पाण्याची बादली भरून दिली. भीमाबाईने ती अंगावर घेतली. पाणी चांगलंच होतं, तिला काही खोट काढता येईना, आणि त्यानेच तिचा जीव जास्त जळला.

त्यानंतर ती पहाटे जाग आली तरी पडून राहू लागली. उठून करायचं काय? चांगो तोटी सोडायचा, आंघोळ करून निघायचा. पूर्वी तो जाताना चुलीपाशी दोन मिनिटं हात शेकत बसायचा, ट्रेलरच्या, बंदराच्या गोष्टी सांगायचा. आता चुलीला विस्तव नव्हता, तर बसणार कशाला? तो तसाच जायचा.

दिवाळीनंतर पनवेलच्या कॉलेजातले एक प्रोफेसर तळं बघायला आले. बांधावर फिरले, थर्मामीटर वर-खाली केलं, वहीत लिहून घेतलं. मग पडवीत बसले. भीमाबाई चहा घेऊन आली तेव्हा ते सुनिताला विचारत होते की ही कल्पना सुचली कशी.

"एका मासिकात लेख वाचला होता, सर," सुनिता म्हणाली.

भीमाबाई ट्रे धरून उभी राहिली. पुढे आणखी काही येईल म्हणून ती थांबली होती. तो खड्डा, वैशाखातला वळीव, पोळलेले पाय, काहीतरी. पण सुनिता लेखातलं चित्र दाखवू लागली. प्रोफेसरांनी न बघताच कप उचलला. भीमाबाई आत आली आणि भांडी घासायला बसली. घासलेलं पातेलं तिने परत घासलं. त्या दिवसापर्यंत ते नुसतं सलणं होतं. त्या दिवसापासून ते पेटलं.

आठच दिवसांनी ती बांधाच्या खाडीकडच्या अंगाला गोवऱ्यांसाठी शेण वेचत गेली. तिकडे कुणी फिरकत नसे. सुनिता आतलं पाणी मोजायची, बाहेरून बांध बघावा हे तिच्या गावी नव्हतं. भीमाबाईची नजर मात्र जुन्या सवयीने बांधाच्या पायथ्यावरून फिरली आणि एका जागी थांबली. करंगळी जाईल एवढं खेकड्याचं बीळ. भोवती ओल, आणि ओलीच्या कडेला मिठाचा पांढरा पापुद्रा. तिने बोट लावून चाखलं. जड, कडवट. आणि बोटाला ऊबही लागली. म्हणजे पाणी थेट तळाचं.

मूठभर चिकण माती आणि वर एक दगड, एवढंच काम होतं. तिच्या बापाने ते चालता चालता केलं असतं. भीमाबाईने बोट पदराला पुसलं, शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि ती घरी आली.

मनात तिने स्वतःला बरंच काही सांगितलं. बीळ लहान आहे. पुस्तकवालीला कळेलच की. माझं तळं आहे का? एवढी काचेची नळी आहे, तिला विचारा म्हणावं. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

त्या रविवारी सुनिता तिच्याकडे आली. तळ्यातलं पाणी चार बोटं उतरलं होतं, वरून गोडं पाणी भरूनही तळाचा आकडा हलका लागत होता. वहीत तिला त्याचं कारण सापडत नव्हतं. ती जरा ओशाळून म्हणाली, "वहिनी, बांधाला काही झालं नसेल ना? तुम्हाला त्यातलं कळतं. एकदा बघाल का?"

हे ऐकायला भीमाबाई वर्षभर आसुसलेली होती. आणि ते आलं तेव्हा तिच्या मनात पहिलं आलं ते असं, की आता गरज लागली म्हणून आली.

"बघितला परवाच," ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "बरा हाय बांध. ऊन काय कमी हाय का, पानी आटनारच."

सुनिताचा चेहरा मोकळा झाला. तिने विश्वास ठेवला. भीमाबाई तांदळातला खडा शोधत राहिली.

पुढचा दीड महिना तिने बांधाकडे पाऊल टाकलं नाही. न्हाणीतलं पाणी हळूहळू कढतचं नुसतं गरम झालं. गंगाबाई कुरकुरू लागली आणि ती कुरकुर ऐकून भीमाबाईला बरं वाटायचं, नंतर आपल्याला बरं वाटलं याची लाज वाटायची, आणि मग लाज वाटली म्हणून सुनिताचा आणखी राग यायचा.

पौषातली अवस आली. खाडीला मोठं उधाण आलं, पाणी बांधाच्या पायथ्याला लागलं, आणि दुपारी ओहोटीला ते ओढलं जाताना भिजलेली माती घेऊन गेलं. भीमाबाई अंगणात होती. धपकन आवाज झाला, आणि घराच्या कडेने पाण्याचा लोट आला. त्यातून वाफ निघत होती. बीळ होतं खाडीकडे, पण बांध कोपऱ्यातून उसवत पाड्याकडच्या उतारालाही फुटला होता. पाणी दयारामभाऊंच्या वालाच्या शेतातून गेलं. शेंगा भरत आल्या होत्या, आठवड्याभरात पोपटी लावायचा, मडक्यात शेंगा भाजायचा बेत होता. तिथून ते विहिरीकडे वळलं. विहिरीचा त्या अंगाचा कठडा पडलेला होता. कुणी काही करायच्या आत खारं पाणी आत कोसळू लागलं.

माणूस कुणी पोळलं नाही, ही देवाची कृपा. पण संध्याकाळी विहिरीचं पाणी तोंडात धरवेना. दुसऱ्या दिवशी वालाचे वेल उकडल्यासारखे लोळले होते.

सकाळी आठही घरं विहिरीपाशी जमली. दिवाळीला बादल्या घेऊन आलेल्या बायाच आता सर्वांत पुढे होत्या. कुणी म्हणालं शिकलेल्यांची थेरं, कुणी म्हणालं पाड्याच्या तोंडचं पाणी पळवलं. दयारामभाऊ वयाने मोठे, ते शांतपणे एवढंच बोलले की खड्डा मातीने बुजवून टाका आणि परत असलं काही करू नका. अंकुशने मान हलवली. सुनिता त्याच्या मागे उभी होती. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "माझं लक्ष कमी पडलं."

तेव्हा गंगाबाई बोलली. तिलाही राग आला होता. तिला त्या पाण्याची सवय झाली होती. "घरात मिठाची जाणती बाय हाय. काशिराम मुकादमाची पोर. मोठीला एकदा इचारलं असतंस, तर ह्यो दिवस आला नसता."

एकोणीस वर्षांत सासूने तिला चार लोकांत असं कधी म्हटलं नव्हतं. भीमाबाईने सुनिताकडे बघितलं. आता ही सांगणार, की विचारलं होतं. सुनिताने मान वर केली. तिची नजर भीमाबाईच्या नजरेला क्षणभर भिडली आणि परत खाली गेली. तिला संशय आला होता आणि ती झाकत होती, की संशयच आला नव्हता, हे भीमाबाईला कळेना. कळायला मार्गही नव्हता. लोक दयारामभाऊंच्या निवाड्यावर पांगायला लागले होते. नुसतं गप्प राहिलं असतं तर सगळं मिटलं असतं, तिच्या मनासारखं.

"तिनं इचारलं व्हतं," भीमाबाई म्हणाली.

पांगणारे थांबले.

"दिवाळीनंतर मला खेकड्याचं बीळ दिसलं. पानी चाखलं मी. तळातलं व्हतं. तिनं मला इचारलं, तर मी बोलले, बांध बरा हाय."

दयारामभाऊंच्या बायकोने आपल्या शेताकडे बघितलं, मग भीमाबाईकडे. चांगो लोकांच्या मागे उभा होता, तो वळला आणि घरी निघून गेला. गंगाबाई काठी टेकत खाली बसली.

त्यानंतरचे दिवस भीमाबाईने कसे काढले ते तिचं तिला माहीत. कुणी तिला मारलं नाही, हाकललं नाही. चांगो बोलेनासा झाला. दिपा तिच्याकडे बघताना डोळे बारीक करायची, जणू लांबचं काही वाचते आहे. अंकुशने कुठून तरी पंप आणून तीन दिवस विहीर उपसली, तरी पाणी मचूळ ते मचूळच. पाऊस पडेपर्यंत प्यायचं पाणी हमरस्त्याजवळच्या नळावरून आणायचं ठरलं. वीस मिनिटांची चाल. भीमाबाई घरचं आणायचीच, शिवाय रोज दोन हंडे दयारामभाऊंच्या दारात नेऊन ठेवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिले पंधरा दिवस हंडे रिकामे करून कुणी न बोलता दाराबाहेर ठेवायचं. मग एकदा आतून आवाज आला, "चहा घे." तिने उभ्याउभ्या घेतला.

आणि पहाटे ती परत चूल पेटवू लागली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. हंडा तिचा, धूर तिचा, पाणी तिचं. एकेक जण येऊन बादली भरून घ्यायचं आणि खाली बघत जायचं.

असे आठ-दहा दिवस गेल्यावर एका पहाटे सुनिता येऊन चुलीसमोर बसली. बादली आणली नव्हती.

"वहिनी, मला एकच सांगा," ती म्हणाली. "का?"

भीमाबाईने लाकूड आत सारलं. उत्तर तिने कितीदा तरी मनात जुळवलं होतं, लांबलचक.

"या घराला गरम पानी मी देत व्हते," ती म्हणाली.

मग तिने फुंकणी उचलून विस्तवावर एकदा फुंकर मारली.

"आनि पाय पोळले तो खड्डा. तो माझा व्हता. तू त्या प्रोफेसराला सांगितलंस, मासिकात वाचलं."

सुनिता विस्तवाकडे बघत बसली. ती खरंच आठवून बघत होती, हे भीमाबाईला तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळलं. "मी विसरलेच होते," सुनिता शेवटी म्हणाली. "लेख शोधला तो तुम्ही सांगितलं म्हणून. नंतर नुसता लेखच डोक्यात राहिला." जरा वेळाने ती उठली. "पण वहिनी, ते तुम्ही मला तोंडावर बोलू शकला असतात. मी तुम्हाला माफ केलं असं म्हणणार नाही. ते आज तरी खोटं होईल."

"नको बोलूस," भीमाबाई म्हणाली.

खड्डा बुजवायचा राहून गेला. आधी माती मिळेना, मग अंकुशला सुट्टी मिळेना. होळी झाल्यावर भीमाबाई एक दिवस कुदळ आणि पाटी घेऊन एकटीच बांधावर गेली. फुटलेली माती तिने बाजूला काढली. खाडीतला चिकण गाळ आणला, त्यात भाताचं तूस घातलं आणि पायाने तुडवायला लागली. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नाही. फुटका बांध डोळ्यांसमोर बघवत नव्हता, एवढंच. तिसऱ्या दिवशी शाळेतून आलेली सुनिता साडी खोचून गाळात उतरली. दोघी शेजारी शेजारी तुडवत राहिल्या. बोलणं कामापुरतं: तूस किती, पाणी किती, बाहेरून दगड कुठवर लावायचे. दयारामभाऊ एकदा येऊन उभे राहिले. पाड्याकडच्या अंगाला बांध दुप्पट जाड करा आणि आधी विहिरीचा कठडा बांधा, असं सांगून गेले. बुजवा म्हणाले नाहीत.

कठडा आधी बांधला. मग वैशाखाच्या तोंडाला पाणी भरलं. सुनिताने काचेची नळी बुडवली आणि आकडा वाचायच्या आधी थांबली. "तुम्ही सांगा," म्हणाली. भीमाबाईने थेंब जिभेवर ठेवला. "अजून दीड गोणी." सुनिताने आकडा वाचला, हिशेब केला. दीड गोणीला थोडं कमी निघालं. कुणाचं बरोबर यावर त्या वाद घालत बसल्या, आणि शेवटी दीड घातली.

जूनमध्ये पाऊस आला आणि श्रावणापर्यंत विहिरीचं पाणी गोडं झालं. चांगो त्याच्या आधीच, एका रात्री जेवताना, बंदरावरचं काहीतरी सांगत सांगत बोलायला लागला होता.

डिसेंबरातल्या एका सकाळी भीमाबाई पडवीत वाल सोलत बसली होती. न्हाणीत गंगाबाई होती. तोटीचा आवाज आला, मग तांब्याचा, आणि मग म्हातारीचा आनंदाने भरलेला सूर: "सुनिते, काय पानी हाय गो तुझं!"

भीमाबाईच्या मनात तेच जुनं सलणं जागं झालं. बरंच कमी, पण तेच. ते जाणार नव्हतं, हे तिला आता कळून चुकलं होतं. तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"सुनिता शाळेत गेलीय, आये," ती आत ओरडली. "घ्या अजून दोन तांबे. भरपूर हाय."